तिसऱ्या चौकातली ढाल

मेण संपलं, म्हणून आल्दोन्सा सकाळीच घराबाहेर पडली. भरतकाम करणाऱ्या बाईचं मेणावाचून अडतं. दोऱ्यावरून मेण ओढलं नाही, तर जाड कापडातून जाताना तो पिंजत जातो, आणि शिव्या द्यायला समोर कोणी नसलं की माणूस स्वतःलाच देतो. मेण शिमेनामावशीकडे हमखास मिळायचं. मावशीचा धंदा रडण्याचा. पेनाफ्रियात कोणी मेलं की लोक आधी पाद्र्याकडे जात आणि तिथून थेट तिच्याकडे. मयताला रडून झालं की उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे ती हक्कानं घरी आणी.

धुक्याचा तो चौथा दिवस होता. डोंगरमाथ्यावरच्या त्या गावाला धुकं नवीन नव्हतं, पण हे धुकं बसलं ते उठायचं नाव घेत नव्हतं. भर सकाळी दिवा लावावा लागत होता. खालची नदी दिसत नव्हती, नदीपलीकडचा कास्तीलचा मुलूखही दिसत नव्हता. आल्दोन्सा भिंतीला हात लावत लावत मावशीच्या दारी पोचली.

मावशी चुलीत चेस्टनट भाजत होती. तिचा आवाज बसला होता. गेले दोन महिने बसलाच होता.

“ये पोरी. मेण ना? घे त्या टोपलीतलं.” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “काल किती शिवलंस?”

“सगळं. वरपासून खालपर्यंत.”

“आणि आज सकाळी?”

आल्दोन्सानं टोपलीतून मेणाचा एक तुकडा उचलला. “दोन तुकडे दोन बाजूंना. दोरा खिडकीत ठेवलेला. नीट गुंडी करून.”

“तुटलेला?”

“तुटलेला असता तर मी उंदरांना दोष दिला असता, मावशी. एकही गाठ तुटलेली नाही. उसवलाय. माझ्यापेक्षा हलक्या हातानं.”

मावशीनं विस्तवातला एक चेस्टनट काढला आणि तो सोलायचं विसरून तसाच हातात धरून बसली. चटका बसला तसा तिनं तो टाकून दिला.

“माझं तिसरं रडणं घशात अडकलंय गं,” ती म्हणाली. “तुला खोटं वाटेल. पण दोनच रडणी बाहेर पडली. तिसरं इथं आहे. गिळताना लागतं.”

आल्दोन्साला ते खोटं वाटलं नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं.

गोष्ट अशी झाली होती. ऑक्टोबरात पोर्तुगालचा राजा वारला. मुलगा नाही. एकच मुलगी, ती शेजारच्या कास्तीलच्या राजाला दिलेली. मेलेल्या राजाचा एक सावत्र भाऊ तिकडे लिस्बनला होता आणि लोक त्याच्याभोवती जमू लागले होते. पण सिंहासनाची भांडणं मोठ्यांची. पेनाफ्रियासारख्या गावानं आधी आपला रिवाज पाळायचा असतो. राजा गेला की गावातल्या तीन चौकांत त्याच्या तीन ढाली मोडायच्या. पांढऱ्यावर पाच छोट्या निळ्या ढाली, भोवती लाल किनार, किनारीत सोनेरी बुरूज, अशी राजचिन्हाची लाकडी ढाल दगडावर ठेवायची आणि गावातल्या एका माणसानं घणाच्या एका घावात तिचे तुकडे करायचे. पुढं घोडेस्वार काळं निशाण चिखलातून फरपटत नेतो. मागं मावशी रडते आणि तिच्यामागं सारा गाव रडतो. पहिली ढाल विहिरीपाशी, दुसरी बाजारात, तिसरी गडाच्या दरवाज्यात. तिसरी मोडली की राजा खरा मेला. मग नव्याचा जयजयकार करायला मोकळे.

दोन ढाली मोडल्या. तिसरी मोडायचा मान लोरेन्सो पाथरवटाला होता. लोरेन्सो म्हणजे आल्दोन्साचा नवरा. त्यानं घण डोक्यावर उचलला, आणि तेवढ्यात गडाच्या सज्ज्यातून किल्लेदार पायो सोआरेश ओरडला, “थांब!”

किल्लेदार हुशार होता. नको तितका हुशार. त्याचं मन केव्हाच कास्तीलच्या बाजूला झुकलेलं होतं. तो खाली आला आणि साऱ्या गावाला समजावून सांगू लागला, “ढाल तीच, रक्त तेच. बापाची मोडायची आणि लेकीसाठी पुन्हा तशीच घडवायची, याला काय अर्थ? ही मोडली नाही म्हणजे राज्य तुटलं नाही. बापाकडून लेकीकडे, लेकीकडून जावयाकडे, अखंड.” ती ढाल त्यानं काखेत मारली आणि गडात नेली. लोक एकमेकांकडे बघत घरी गेले. मावशीनं तिसऱ्या रडण्यासाठी भरून घेतलेला श्वास तसाच राहिला.

आणि लोरेन्सोचा हात खाली येईना.

पहिल्या दिवशी सगळे हसले. लोरेन्सो स्वतःही हसला. “गोळा आलाय,” म्हणाला. मावशीनं तेल चोळलं, पाद्र्यानं पाणी शिंपडलं. घण लोकांनी कसाबसा काढून घेतला, पण उजवा हात मूठ आवळून डोक्यावर उगारलेला तो उगारलेलाच. दारातून जाताना तो वाकायचा, झोपताना हात भिंतीला टेकवायचा, आणि जेवताना डाव्या हातानं सूप सांडत म्हणायचा, “बघ, तुला मारायला उगारलाय असं लोकांना वाटेल.” आठवडाभरानं दारूच्या गुत्त्यात कोणीतरी हाताचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “राजा दोन चौकांत मेलाय, तिसऱ्यात अजून जिवंत आहे. गडाच्या दारातून जाताना टोपी काढत जा रे बाबांनो!” गुत्ता हसला. दुसऱ्या दिवशी किल्लेदाराचे शिपाई आले. माणसाची जीभ हाताआधी सुटते ती अशी.

तेव्हापासून लोरेन्सो गडाच्या कोठडीत होता. आणि किल्लेदारानं आल्दोन्साला बोलावून एक जुनं निशाण तिच्या पुढ्यात टाकलं होतं. मेलेल्या राजाचं. खरं तर ते ढालींच्या तुकड्यांबरोबर चर्चमध्ये पुरायचं असतं.

“हे अर्धं काप. दुसरं अर्धं कास्तीलचं, किल्ला आणि सिंह. दोन्ही एकत्र शिव. संत लुसियाच्या सणाला, रविवारी, ते तिन्ही चौकांतून फिरलं तर तुझा नवरा त्याच दिवशी घरी. नाही फिरलं, तर फासाचा दोर तुझ्याकडूनच वळून घेईन. चांगला हात आहे म्हणतात तुझा.”

किल्ला आणि सिंह तिनं पंधरा दिवसांत भरले. त्यात काही अडचण आली नाही. पुढं राहिली ती एकच सरळ शिवण, कोणीही पोरगी घालेल अशी. ती रोज संध्याकाळी घातली जायची आणि रोज सकाळी उसवलेली असायची.

मावशीकडचं मेण घेऊन आल्दोन्सा घरी आली. तिनं दोरा तिहेरी केला, त्यावर मेण ओढलं, आणि दर टाक्याला एक गाठ मारत शिवण घातली. बोटं सोलून निघाली. ती दाराला पाठ लावून, निशाण मांडीवर घेऊनच डुलक्या काढत राहिली. शुक्रवारी सकाळी शिवण जागच्या जागी होती. तिनं तीनदा हात फिरवून पाहिलं. मग आनंदानं एकटीच हसली, घडी घातली, सुतळीनं बांधली आणि खांद्यावर टाकून गडाकडे निघाली.

वाटेत ब्राश भेटला. हा कोठडीचा पहारेकरी, तिच्याच गल्लीत वाढलेला.

“लोरेन्सो कसा आहे?”

“जेवतो.” ब्राशनं इकडंतिकडं पाहिलं. “वहिनी, एक सांगू? त्याच्या कोठडीत रोज तिन्हीसांजेला कोणीतरी येऊन बसतं. दाराची किल्ली माझ्याकडे, कंबरेला. मी कोणाला सोडत नाही. पण आत दोघांचा श्वास ऐकू येतो… सकाळी त्याला विचारलं तर म्हणतो, येतो तो माझा हात धरून बसतो. म्हणतो, हात थंड पडू देत नाही.”

“कोण येतो?”

“मी विचारलं नाही,” ब्राश म्हणाला. “मला लेकरंबाळं आहेत.”

किल्लेदार जेवायला बसला होता. त्यानं ताट बाजूला सारलं आणि मेजावर जागा केली. आल्दोन्सानं सुतळी सोडली, घडी उलगडली. पहिली घडी, दुसरी, तिसरी… आणि कास्तीलचा सिंह मेजावरून घसरत खाली जमिनीवर पडला. पोर्तुगालची निळी चिन्हं मेजावर तशीच राहिली. दोन्हींच्या मध्ये, घडीच्या अगदी आत, दोऱ्याची एक नीट गुंडी होती.

खोलीत विझलेल्या मेणबत्तीचा वास सुटला, आणि त्याखाली ओल्या राखेचा. खोलीत एकही मेणबत्ती पेटलेली नव्हती.

किल्लेदारानं गुंडी उचलली, बोटात फिरवली. तोही जरा पांढरा पडला होता, पण हुशार माणसाला आपली भीती दुसऱ्याच्या नावावर टाकता येते. “रोज उसवतेस होय? लिस्बनवाल्यांनी शिकवलं?”

“सरकार, माझा माणूस तुमच्या कोठडीत आहे. मी कशाला उसवीन?”

“रविवार,” तो म्हणाला. “परवा. त्यानंतर मी काही ऐकणार नाही.”

शनिवारी दुपारी धुकं इतकं दाटलं की खिडकीतून हात बाहेर काढला तर बोटं दिसेनात. आल्दोन्सा निशाण पुढ्यात घेऊन बसली होती. सुई हातात होती, पण टाका घालायची हिंमत होत नव्हती. काय उपयोग? तिला लोरेन्सोचा चेहरा आठवायचा होता, आणि सारखा त्याचा हातच आठवत होता.

आधी टापा ऐकू आल्या. सावकाश, नाल नसलेल्या घोड्याच्या. मग टापांच्या मागून ओलं जड कापड चिखलातून फरपटत नेल्याचा आवाज. हा आवाज तिनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, ऑक्टोबरात, दोन चौकांत.

आवाज तिच्या दारापाशी थांबला.

दाराची वरची फळी उघडीच होती. तिच्यापलीकडे कोणीतरी उभं होतं. अंगावर जाडीभरडी न रंगवलेली लोकर, डोक्यावरून पुढं ओढलेली. गाव अजून सुतकातच होतं, निम्मं गाव असेच कपडे घालून फिरत होतं. तिनं स्वतःला हे सांगितलं. पण लोकरीच्या त्या टोपीतून श्वासाची वाफ निघत नव्हती. अशा थंडीत गुरांच्याही तोंडातून वाफ निघते.

“बाई,” आवाज हळू होता. सभ्य होता. थकलेला होता. “तिसरी कुठं आहे?”

तिला विचारावं लागलं नाही की तिसरी काय.

“गडात… किल्लेदारापाशी.”

“मी दोन चौक फिरतो. तिसऱ्यात वाट संपत नाही… पुन्हा पहिल्यापासून फिरतो. फार पाय दुखतात.”

आल्दोन्साच्या मनात भीतीच्याही आधी कीव आली, आणि याचं तिला पुढं आयुष्यभर नवल वाटत राहिलं. पण कीव टिकली नाही. कीव करायला लागणारी फुरसत तिच्याकडे नव्हती.

“माझा नवरा…” ती म्हणाली. “त्याचा हात…”

“मीच धरून ठेवलाय. गळू दिला नाही. दुसरा कोणी मोडणारा मला नाही.”

“मग सोडा त्याला! मी काय करू? शिवण राहत नाही, उद्या ते त्याला लटकवतील, मग तुमची ढाल कोण मोडणार?”

टोपी जराशी हलली. तो विचार करत असावा.

“शिवण तिसऱ्या चौकापर्यंत राहील,” तो म्हणाला. “त्याला तिथं आण. ढालीसमोर.”

“आणते. आणते मी.”

“एकच… मोडायची ना?”

त्यानं हे का विचारलं, ते तिला तेव्हा कळलं नाही. नीट ऐकलंही नाही तिनं. तिला रडू फुटत होतं. जिवावर बेतलेल्या माणसानं पडत्या फळाची आज्ञा मानावी, तशी ती पटकन बोलून गेली, “एक मोडा, नाहीतर आणखी एक मोडा! लागतील तेवढ्या मोडा! माझा माणूस मला परत द्या म्हणजे झालं.”

दाराबाहेरचा जण म्हणाला, “बरं.” अगदी साधं. बाजारात भाव ठरल्यावर म्हणतात तसं.

टापा गेल्या, कापडही फरपटत गेलं. आल्दोन्सा बसल्या जागी एक सरळ शिवण घालून मोकळी झाली, मेणाशिवाय, एकेरी दोऱ्यानं. मग ती गडावर गेली.

किल्लेदाराला तिनं शिवण दाखवली, आणि मान खाली घालून म्हणाली, “सरकार, एक विनंती. लोरेन्सोला नुसतं सोडू नका. उद्या तिसऱ्या चौकात, सगळ्या गावासमोर, त्याला त्या ढालीपुढं गुडघे टेकवू द्या. ज्यानं मोडायला हात उगारला त्यानंच नमस्कार केला, असं लोकांना दिसू द्या.”

किल्लेदार तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. त्याला ही कल्पना स्वतःलाच सुचल्यासारखी आवडली. “ढाल मी माझ्या हातावर बांधून घोड्यावरून आणीन,” तो म्हणाला. “न मोडलेली. सगळ्यांनी डोळे भरून पाहावी.”

रविवारी चर्चची घंटा वाजली तरी उजाडलं नव्हतं. उजाडलं असेलही, धुक्यात कळत नव्हतं. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा होता, जबरदस्तीनं आणलेला. पुढं निशाणवाला, त्याच्यामागं पांढऱ्या घोड्यावर किल्लेदार, डाव्या हातावर तिसरी ढाल. विहिरीपाशी निशाणवाला ओरडला, “राज्य! राज्य! कास्तील आणि पोर्तुगालच्या राजाचं राज्य!” शिपायांनी री ओढली. गाव गप्प राहिला. आल्दोन्सा शिवणीकडे बघत होती. टाके जागच्या जागी होते.

बाजारात पुन्हा तेच. वारा नव्हता, तरी निशाण एकदा फडफडलं. टाके जागच्या जागी.

गडाच्या दरवाज्यात ब्राश लोरेन्सोला घेऊन उभा होता. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. फक्त उगारलेला उजवा हात पूर्वीसारखाच भरदार होता, जसं सगळं अन्न त्यालाच मिळत होतं. लोरेन्सोनं गर्दीत तिला शोधलं, आणि सापडल्यावर तो चक्क हसला.

“टेक गुडघे,” किल्लेदार म्हणाला. घोडा पुढं घेऊन त्यानं ढाल त्याच्यासमोर धरली. “नमस्कार कर.”

लोरेन्सोनं गुडघे टेकले.

तेवढ्यात तो वास आला. विझलेलं मेण, ओली राख. घोड्यानं कान मागं पाडले. आल्दोन्साच्या शेजारी उभ्या असलेल्या मावशीनं तिचं मनगट करकचून धरलं. लोरेन्सोच्या मागं धुक्यात आणखी कोणीतरी उभं होतं का? पुढं गावानं यावर खूप वाद घातला. आल्दोन्साला फक्त इतकं दिसलं, की नवऱ्याच्या उगारलेल्या मनगटाभोवती धुकं जरा दाट होतं, आणि मग ते तिथून सुटलं.

हात खाली आला.

कड्! आणि लगेच मागोमाग, पुन्हा एकदा, कड्!

ढालीचे तुकडे चारी बाजूंना उडाले. किल्लेदार किंचाळला, त्याचा ढालीखालचा हात भलत्याच कोनात लोंबत होता. घोडा उधळला. आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत निशाणाची शिवण वरपासून खालपर्यंत सरसर उसवत गेली. पोर्तुगालची बाजू काठीला राहिली. कास्तीलचा किल्ला आणि सिंह चिखलात पडले, आणि घोडा त्यांच्यावरून गेला.

मग मावशीच्या घशातून ते तिसरं रडणं निघालं. ते ऐकून कुत्री घराघरांत शिरली. आधी बायका रडू लागल्या, मग पुरुष, आणि शेवटी शिपाईसुद्धा टोप्या काढून रडू लागले. दोन महिन्यांनी राजा मेला होता.

घोडा किल्लेदाराला घेऊन नदीच्या वाटेनं कास्तीलकडे गेला. त्याच्यामागं लोकांनी वेशीचा दरवाजा लावून घेतला, तो त्याच्यासाठी कायमचा. किल्लेदार जगला म्हणतात. असली माणसं जगतातच. धुकं त्याच दुपारी उठलं.

रिवाजाप्रमाणे तिन्ही ढालींचे तुकडे चर्चमध्ये एकत्र पुरायचे होते. पहिल्या दोन ढालींचे तिथं होतेच. तिसरीचे आल्दोन्सानं आणि मावशीनं दरवाज्यातून वेचून ओटीत आणले. पाद्री फरशीवर तुकडे जुळवू लागला. तो शिस्तीचा माणूस होता. प्रत्येक ढालीवर पाच छोट्या निळ्या ढाली, म्हणजे तिघींच्या मिळून पंधरा. त्यानं जुळवल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“वीस भरतात,” तो म्हणाला.

“चुकलं असेल,” मावशी म्हणाली. तिचा आवाज आता मोकळा झाला होता, पण हे ती कुजबुजली. चर्चबाहेर आल्यावर तिनं आल्दोन्साला विचारलं, “दोन आवाज झाले ना गं? सगळे म्हणतात, दुसरा गडाच्या भिंतीवरचा प्रतिध्वनी. मी साठ वर्षं या गावात आहे पोरी. धुक्यात इथं कधी प्रतिध्वनी येत नाही.”

आल्दोन्साचा हात खिशाकडे गेला. वेचताना एक तुकडा तिनं ओटीतून काढून खिशात घातला होता. किनारीचा तुकडा होता तो. लाल पट्टी, सोनेरी बुरूज, आणि बुरुजांच्या मधे फुलासारखं टोक असलेलं काहीतरी हिरवं. पोर्तुगालच्या ढालीवर आजवर कधी कोणी हिरवा रंग पाहिला नव्हता. आणि तो ओला होता. तिच्या खिशाला लागला.

घरी आल्यावर तिनं तुकडा तागाच्या कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. लोरेन्सो जेवला, झोपला, पुन्हा जेवला. हात हळूहळू रुळला. तो दगड फोडायला जाऊ लागला. एकदाच, जेवताना, तो म्हणाला, “आल्दोन्सा, मी त्या दिवशी किती वेळा मारलं?”

“एकदा. सगळ्या गावानं पाहिलं.”

“हं,” तो म्हणाला, आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. “मला मात्र दोन आठवतात.”

दीड वर्ष गेलं. लिस्बनकडच्या सरदारांनी आणि शहरांनी मिळून मेलेल्या राजाच्या सावत्र भावाला गादीवर बसवलं. एप्रिलातल्या लख्ख सकाळी त्याचा दूत पेनाफ्रियात आला. गाव वेशीपर्यंत नाचत गेला. या वेळी कोणाला आणावं लागलं नाही. नव्या राजाचं निशाण हवं होतं, आणि ते कोणी भरायचं यावर चर्चाही झाली नाही. दूतानं कातड्यावर रंगवलेला नमुना आल्दोन्साच्या हातात दिला.

“नीट बघून घ्या, बाई. जुन्यासारखं नाही,” तो अभिमानानं म्हणाला. “आमचे महाराज आधी धर्मवीरांच्या पंथाचे प्रमुख होते. पंथाचा हिरवा क्रूस त्यांनी ढालीमागं घेतलाय. त्याची फुलं किनारीतून डोकावतात, ही बघा. ज्याला हिरवं दिसेल त्याला कळेल, खरा राजा कोण.”

तिनं बघितलं. पाच छोट्या निळ्या ढाली, लाल पट्टी, सोनेरी बुरूज. बुरुजांच्या मधे फुलासारखं हिरवं टोक.

ती घरी आली. दार लावलं, पेटी उघडली, तळातलं तागाचं कापड सोडलं. तुकडा नमुन्याशेजारी ठेवला. रेघेला रेघ जुळत होती. तिला त्या थकलेल्या आवाजातला प्रश्न आठवला, एकच मोडायची ना? आणि आपलं उत्तर आठवलं. शब्द न् शब्द आठवला. जो राजा तेव्हा झालाही नव्हता, त्याची एक ढाल त्याच दिवशी मोडून झाली होती.

बाहेर घंटा वाजत होत्या. लोक ओरडत होते, नवा राजा चिरायू होवो, शंभर वर्षं राज्य करो. लोरेन्सो घामाघूम होऊन आत आला. तोही ओरडून आला होता, त्याचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. त्यानं बायकोला पेटीपाशी बसलेली पाहिलं.

“अगं, चल ना बाहेर! सगळा गाव तिथं आहे.” मग तो थबकला. “हाताला काय लागलं गं तुझ्या?”

आल्दोन्सानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

“रंग,” ती म्हणाली. “अजून वाळला नाही.”